आमच्याकडं किती?

१० जुलै २०२४ ची सकाळ, सव्वासातला एक मिनिट कमी. नांदेडला आमच्या स्वयंपाकघरात चहाला उकळी फुटत होती आणि फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून खणखणू लागले. पंखा बंद होता, तरी डुलला. बायको म्हणाली, "अहो, आधी खाली चला." आम्ही जिना उतरेपर्यंत सगळं थांबलंही होतं. गल्लीत सगळे जमले होते आणि हातातल्या मोबाइलवर आकडा आला होता: हिंगोली जिल्हा, ४.५.

अर्ध्या तासानं मावशीचा फोन आला. ती वसमत तालुक्यातल्या खेड्यात एकटी राहते, दगड-मातीच्या जुन्या घरात. "इकडं लई जोरात बसला बाबा. माळवदाची माती गळाली, देवळीच्या वर चीर गेली. टीव्हीवर साडेचार म्हणू लागलेत. ते तुमच्याकडचं का आमच्याकडचं?" मी म्हणालो, "मावशी, साडेचार म्हणजे सगळ्यांचंच." ती म्हणाली, "असं कसं? तुमचे डबे वाजले, माझी भिंत फाटली. आमच्याकडं किती, ते सांग की."

बावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतो आहे. पण मावशीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सरकारकडेही नव्हतं, कारण तिच्या गावात जमीन किती हलली हे कुणी मोजलेलंच नव्हतं. तिचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. भूकंप झाल्यावर माणसाला पहिल्यांदा जे कळायला हवं तेच ती विचारत होती. ते मोजणं आणि गावागावाला सांगणं ही महाराष्ट्र सरकारनं आपली जबाबदारी मानावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साडेचाराचं बघू. वर्गात विचारलं की निम्मी मुलं ठामपणे सांगतात, "रिश्टर स्केल हे भूकंप मोजायचं यंत्र आहे." मोठी माणसंही तेच धरून चालतात. यंत्राचं नाव भूकंपमापक. रिश्टर ही हिशेबाची पद्धत. १९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी बेनो गुटेनबर्ग यांच्या साथीनं ती बसवली. एका ठराविक बनावटीच्या भूकंपमापकावर, भूकंपापासून १०० किलोमीटरवर, रेघ जास्तीत जास्त एक मिलिमीटर हलली तर तो भूकंप ३ चा. दहा मिलिमीटर हलली तर ४ चा. यंत्र जवळ असो की लांब, अंतराची वजावट करून आकडा एकच यावा अशी ती रचना होती. ताऱ्यांच्या तेजाची प्रत सांगायला खगोलशास्त्रज्ञ जो शब्द वापरत, तोच, मॅग्निट्यूड म्हणजे परिमाण, त्यांनी उचलला. म्हणजे हा आकडा पहिल्यापासूनच भूकंपाचा आहे. तो तुमच्या-आमच्या गावाचा असावा अशी अपेक्षाच नव्हती.

मोठ्या भूकंपांना ती पद्धत पुरेना. सातच्या आसपास पोहोचलं की भूकंप कितीही मोठा असला तरी आकडा वर चढायला कुचराई करायचा. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीला हिरू कानामोरी आणि टॉम हँक्स यांनी नवा हिशेब मांडला. जमिनीच्या पोटात खडकाचा केवढा पट्टा फाटला, दोन्ही बाजू एकमेकींवरून किती सरकल्या आणि तो खडक किती ताठ होता, या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्यावरून आकडा काढायचा. आज मोठ्या भूकंपांचे जगभर सांगितले जाणारे आकडे बहुतेक या पद्धतीचे असतात. बातमीत त्याला रिश्टर म्हणायची सवय तेवढी राहून गेली. यात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारी ६.२ आणि भूज ७.७, फरक दीडच अंकाचा दिसतो, पण भूजची ऊर्जा किल्लारीच्या पावणेदोनशे पटीहून जास्त होती.

भूजच्याच वेळी, २६ जानेवारी २००१ ला, आपल्या हवामान खात्यानं ६.९ सांगितले आणि परदेशी संस्था साडेसातच्या वर सांगत होत्या. खरं कोण बोलतंय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. वेगवेगळ्या लाटा, वेगवेगळे हिशेब, म्हणून आकडे वेगळे. पण लोकांच्या हातात एकच आकडा दिला आणि तोही घटकेघटकेला बदलू लागला, तर माणसानं विश्वास कशावर ठेवायचा?

मावशीचा प्रश्न या आकड्याच्या पलीकडचा आहे. त्यासाठी वेगळी मोजपट्टी आहे आणि ती रिश्टरपेक्षाही जुनी आहे. भूकंप होऊन गेल्यावर गावोगाव जाऊन विचारायचं: झोपेतून जाग आली का? टांगलेला कंदील हलला का? मांडणीवरची भांडी पडली का? भिंतीला चीर गेली, का भिंतच कोसळली? उत्तरांवरून त्या गावाला एक ते बारा यांतली एक श्रेणी द्यायची. एक म्हणजे माणसाला कळलंच नाही, बारा म्हणजे भूप्रदेशाचं रूपच बदललं. इटलीत मर्काली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत नीट बसवली आणि पुढं तिच्यात सुधारणा होत गेल्या. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी याच रीतीनं शेकडो मैलांवरची माहिती गोळा करून नकाशा काढला होता. या मोजपट्टीवर एकाच भूकंपाचे आकडे गावागणिक वेगळे येतात, आणि ते तसेच यायला हवेत.

इथं मराठीनं घोळ करून ठेवला आहे, आणि मला त्याची मनापासून चीड येते. शास्त्रात पहिला आकडा म्हणजे परिमाण आणि दुसरा म्हणजे तीव्रता. आपण बातमीत लिहितो, "४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप." म्हणजे तीव्रता हा दुसऱ्याच्या हक्काचा शब्द पहिल्यालाच देऊन टाकला. मग गावातल्या हादऱ्याला काय म्हणायचं? त्याला शब्दच उरला नाही, आणि ज्याला शब्द नाही त्याची मागणीही कुणी करत नाही. वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे: "हिंगोलीत ४.५ परिमाणाचा भूकंप" असं लिहा आणि तीव्रता हा शब्द गावासाठी राखून ठेवा.

यानं काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर किल्लारीत आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. परिमाण ६.२. मराठवाड्यातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर माळवद. पावसाळ्याआधी गळती बुजवायला दरवर्षी वर माती टाकायची. थरावर थर चढत छप्पर फूट-दीड फूट जाड व्हायचं. उन्हाळ्यात थंडगार, हादऱ्यात जीवघेणं. आठ ते दहा हजार माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. त्याच गावांत कुडाच्या, छपराच्या झोपड्यांत राहणारे वाचले. आणि विध्वंस झाला तो फार थोड्या टापूत. सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या लातूर शहरात नुकसान त्या मानानं किरकोळ होतं. परिमाण दोन्हीकडचं एकच, ६.२.

आता न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च पाहा. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी पाऊण वाजून गेलेला, परिमाण तेच, ६.२. शहराच्या अगदी जवळ, उथळ. १८५ माणसं गेली. त्याच शहरानं साडेपाच महिने आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, ७.१ चा भूकंप सोसला होता. तो शहरापासून लांब होता आणि पहाटे झाला, त्यात थेट बळी एकही गेला नव्हता. मोठ्या आकड्याचा भूकंप सोडून देतो आणि लहान आकड्याचा मारतो, हे तिथल्या लोकांनी एकाच वर्षात पाहिलं.

किल्लारी आणि क्राइस्टचर्च यांत घरांचा, वेळेचा फरक होताच, तो मी नाकारत नाही. पण आणखी एक फरक आहे आणि मला तो जास्त बोचतो. क्राइस्टचर्चमध्ये ठिकठिकाणी जमिनीचा प्रवेग मोजणारी यंत्रं बसलेली होती. जमीन किती जोरानं हिसकली गेली, कोणत्या दिशेनं, किती सेकंद, हे त्यांना नोंदीतून कळलं. किल्लारीच्या परिसरात मुख्य धक्क्याच्या वेळी असं एकही यंत्र नव्हतं. तिथली जमीन किती जोरानं हलली हे अभियंत्यांनी पडलेल्या घरांवरून उलटा हिशेब करून काढलं. त्या टापूत १९९२ च्या ऑक्टोबरपासून धक्के बसत होते, लोक आवाज ऐकत होते, भिऊन रात्री बाहेर काढत होते. तरी यंत्र नव्हतं, कारण देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. पुढं नकाशा सुधारला, तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. हे सगळं माणसं गेल्यावर झालं.

आणि असं नव्हे की महाराष्ट्राला तेव्हा हे यंत्र ठाऊक नव्हतं. किल्लारीच्या २६ वर्षं आधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्या वेळी धरणाच्या पोटातल्या दालनात एक प्रवेगमापक चालू होता. त्यानं नोंदवलेला सर्वांत मोठा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के होता. धरणाचा आराखडा ५ टक्के धरून केलेला होता. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला वरच्या भागात भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. मग मागून भक्कम आधार बांधून ते मजबूत केलं गेलं. कोयनेची ती नोंद जगभरचे धरण अभियंते आजही आपला हिशेब तपासून घ्यायला वापरतात. म्हणजे एका यंत्रानं, एका पहाटेच्या काही सेकंदांत, जगाला कामी येईल एवढं ज्ञान दिलं. धरणाला यंत्र मिळालं ते योग्यच झालं, आणखी मिळावीत. पण ज्या दगड-मातीच्या भिंतीआड माणसं झोपतात, तिच्याजवळ का नाही?

आजही भारतात राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची दीडशेहून अधिक केंद्रं आहेत. भूकंप कुठं झाला आणि किती मोठा, हे ती काही मिनिटांत सांगतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'मेरी', आपल्या धरणांभोवती नोंदी घेते, कोयनेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं जाळं आहे. या सगळ्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण भूकंपाचं ठिकाण शोधायला विरळ जाळंही चालतं. हादरा गावागणिक बदलतो, त्याला दाट जाळं लागतं. भूजच्या वेळी सव्वादोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजल्यावर नुसते खांब ठेवून गाड्यांना जागा केलेल्या इमारती होत्या, आणि खाली नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर. असा मऊ थर लाटेला मोठं करतो. त्याच अंतरावर कातळावर बसलेल्या घराला तीच लाट हळुवार जाणवते. नदीकाठ आणि टेकडी, काळं रान आणि मुरमाड माळ, यांत किती फरक पडतो हे यंत्र बसवल्याशिवाय कळणार कसं?

पालघरची गोष्ट तर आणखी जवळची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची रांग लागली. बहुतेक तीन-साडेतीनच्या आतबाहेर. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४.१ चा झाला. बातम्यांत 'सौम्य' हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. पण ते धक्के अगदी उथळ होते, पायाखालीच. तोफ उडाल्यासारखा आवाज, मग खालून ढुसणी. घरांना तडे गेले, लोक थंडीत लेकरं घेऊन तंबूत झोपले. त्यांच्या अंगावर आला तो हादरा आणि मुंबईच्या पडद्यावर दिसणारा 'सौम्य', यांची गाठ कुठंच पडत नव्हती. ज्याची भिंत तडकली त्याला "काही नाही, साडेतीनचाच होता" असं सांगणं हा त्याचा अपमान आहे.

आपण पावसाच्या बाबतीत असं वागतो का? मुळीच नाही. "मराठवाड्यात काल ७० मिलिमीटर पाऊस झाला" असं कुणी सांगितलं तर शेतकरी लगेच विचारील, कोणत्या मंडळात? या मंडळात ६५ च्या वर झाला म्हणजे अतिवृष्टी, शेजारच्यात चाळीस. त्यावर पंचनामे ठरतात, विम्याचे वाद रंगतात. पर्जन्यमापक कुठं बसवला यावरून भांडणं होतात आणि ती रास्त असतात. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस जिथं पडला तिथं मोजायचा, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. मग जमीन जिथं हलली तिथं मोजायची, हे पचायला जड का जावं?

जपाननं हे केव्हाच पचवलं आहे. तिथं भूकंप झाला की एक-दोन मिनिटांत टीव्हीवर गावागावाचे आकडे येतात. तो 'शिंदो', त्या जागेचा हादरा, शून्य ते सात. परिमाण नंतर. सुरुवातीला हे आकडेही निरीक्षक स्वतःला काय जाणवलं यावरून द्यायचे. १९९५ च्या कोबे भूकंपात सात शिंदोचा पट्टा कुठला हे ठरायला पाहणीची वाट बघावी लागली. मदत आधी कुठं पाठवायची हेच कळेना. पुढच्याच वर्षी त्यांनी सगळं यंत्रावर आणलं आणि देशभर सरासरी वीस किलोमीटरवर एक अशी सुमारे हजार केंद्रं उभी केली. तैवाननं स्वस्त प्रवेगमापक घेतले, मोबाइल आडवा केला की चित्र आडवं करणारी चिप असते त्या जातीचे, आणि अशी शेकडो यंत्रं प्राथमिक शाळांमध्ये बसवली.

आक्षेप मला ठाऊक आहेत. मोठे भूकंप आपल्याकडे क्वचित होतात, मग एवढा खर्च कशाला? पण क्वचित होतात म्हणूनच यंत्र आधीपासून बसलेलं हवं, आणि लहान धक्के काही क्वचित होत नाहीत. कोणत्या गावाची माती लाटेला फुगवते, हे लहान धक्क्यांतूनच आधी कळू शकतं. यंत्राच्या आकड्यावरून श्रेणी काढणं पुरतं नेमकं नसतं, हे खरं आहे. म्हणून यंत्राबरोबर माणसांनाही विचारावं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं १९९९ पासून लोकांकडून 'तुम्हाला जाणवला का' अशी प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली आणि शास्त्रज्ञ ती गंभीरपणे वापरतात. आपल्याकडे तशीच सोपी मराठी प्रश्नावली तलाठ्याच्या, आशाताईंच्या, शिक्षकांच्या हाती द्यायला कोणतं तंत्रज्ञान आडवं येतं?

गावाचा आकडा जाहीर केला तर लोक नुकसानभरपाई मागतील, असंही एका ओळखीच्या अधिकाऱ्यानं मला खासगीत सांगितलं. मागू द्या. भिंत भूकंपानं तडकली की पावसानं, हा वाद आज नुसत्या नजरेवर चालतो. तिथं नोंद आली तर दोन्ही बाजूंचं भलं आहे. एवढंच म्हणेन की पावसाच्या विम्यासारखं करू नका. यंत्राचा आकडा कमी आला म्हणून पडलेली भिंत उभी होत नाही. आकडा पुरावा म्हणून असावा, दार लावून घ्यायला नको.

पोळ्याला मी मावशीकडे गेलो. ओसरीवर बसून तिला ते सगळे जुने प्रश्न विचारले. चीर माझं बोट जाईल एवढी होती. देवळीतली समई आडवी झाली होती. शेजारच्यांचं एक गाडगं उतरंडीवरून पडून फुटलं होतं, सिमेंटच्या नव्या घरांना काही झालं नव्हतं. हिशेब सहाव्या श्रेणीच्या जवळ येत होता. नांदेडला आमच्या घरी तो चार भरला असता. मी सांगितलं, "मावशी, तुमच्याकडं सहा." ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मी खोटं नव्हते म्हणत."

संध्याकाळी गावातल्या शाळेकडे गेलो. आवारात पावसाचं केंद्र आहे, जाळीचं कुंपण, मधोमध खांब. प्रवेगमापक त्या खांबापाशी बसवून चालणार नाही, वाऱ्यानं खांब हलतो. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत, हजेरीपटांच्या कपाटामागं, तळमजल्याच्या पक्क्या फरशीचा हातभर कोपरा मोकळा आहे. प्लग आहे, इंटरनेट आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, यंत्र येत असेल तर कपाट मी उद्याच सरकवतो."